मण्याच्या अंतरंगात: प्रथिनांचा प्रवास आणि सूक्ष्मदर्शकाची साक्ष

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त योजलेल्या विज्ञान-व्याख्यानाची संहिता)



साबुदाण्याची खीर शिजत असताना पातेल्यात डोकावणाऱ्याला एक गोष्ट हमखास दिसते. दाणा कडेने पारदर्शक होत जातो आणि मध्यभागी एक पांढरा ठिपका उरतो. तो ठिपका लहान लहान होत नाहीसा झाला, की दाणा शिजला असे समजतात. पाणी आणि उष्णता बाहेरून आत शिरत आहेत, आणि त्यांची सीमारेषा केंद्राकडे सरकत आहे, हे त्या ठिपक्यावरून कळते. आजच्या व्याख्यानाचा विषय असाच एक गोल मणी आहे. तो साबुदाण्याच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याएवढा, म्हणजे ९० मायक्रोमीटर व्यासाचा असतो. त्यात पाण्याऐवजी प्रथिने शिरतात. मात्र त्याच्या पोटातला ठिपका पाहण्यासाठी शास्त्रज्ञांना बरीच खटपट करावी लागली. आणि दिसू लागल्यावर, जे दिसते ते खरे आहे का, हे ठरवण्यासाठी त्याहून अधिक.

हा मणी कोठे वापरतात, हे हैदराबादकरांना दूर जाऊन शोधावे लागत नाही. शहराच्या उत्तरेला शामीरपेटच्या परिसरात जीनोम व्हॅलीची प्रयोगशाळा-वसाहत आहे, आणि याच शहरातील डॉ. रेड्डीज्‌ने २००७ साली रिटुक्सिमॅब या प्रतिपिंडाची भारतीय आवृत्ती मूळ औषधापेक्षा कमी किमतीत बाजारात आणली. लिम्फोमा या कर्करोगावर ते दिले जाते. अशी प्रतिपिंडे रासायनिक भट्टीत तयार होत नाहीत. चिनी हॅमस्टर या लहान प्राण्याच्या पेशी मोठ्या टाक्यांत वाढवतात. त्या पेशी प्रतिपिंड तयार करून भोवतालच्या द्रवात सोडतात. त्याच द्रवात पेशींची इतर प्रथिने, डीएनएचे तुकडे आणि पोषकद्रव्यांचे अवशेष असतात. या कालव्यातून एकच प्रथिन निवडून काढायचे आणि ते इतके शुद्ध करायचे, की रुग्णाच्या शिरेत सोडता येईल. औषधाच्या उत्पादनखर्चाचा मोठा वाटा या शुद्धीकरणावर पडतो. ज्या मण्यांवर ‘प्रोटीन-ए’ हे जिवाणूजन्य प्रथिन बसवलेले असते, त्यांची किंमत लिटरला लाखो रुपयांत जाते. म्हणून एवढ्याशा मण्याच्या आत काय घडते, याची चौकशी केवळ कुतूहलापोटी होत नाही.

शुद्धीकरणाच्या या पद्धतीचे नाव क्रोमॅटोग्राफी, मराठीत वर्णलेखन. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०३ साली वॉर्सा येथे तिची पहिली मांडणी केली. हिरव्या पानांचा अर्क चुन्याच्या भुकटीने भरलेल्या काचेच्या नळीत ओतला, की वेगवेगळी रंगद्रव्ये वेगवेगळ्या उंचीवर थबकतात आणि नळीत रंगीत पट्टे उमटतात, हे त्याने दाखवले. त्स्वेत या शब्दाचा रशियन अर्थच ‘रंग’. त्यामुळे पद्धतीच्या नावात त्याने स्वतःचे नाव लपवले की काय, अशी शंका आजही काहीजण घेतात. त्याच्या हयातीत या कामाला मान मिळाला नाही. १९१९ साली तो वारला आणि पुढे १९३१ च्या सुमारास हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेत पद्धतीचे पुनरुज्जीवन झाले. फळ्याच्या खडूवर शाईचा ठिपका देऊन त्याचे टोक पाण्यात उभे करणाऱ्या विद्यार्थ्याने त्स्वेतचाच प्रयोग धाकट्या रूपात केलेला असतो.

प्रथिनांना मात्र चुन्याची भुकटी मानवत नाही. त्यांना मऊ, पाणीदार आणि सच्छिद्र असे घर लागते. १९५९ साली स्वीडनमधील उप्साला येथे येर्कर पोराथ आणि पेर फ्लोडिन यांनी डेक्स्ट्रान या शर्करा-साखळीची जाळी करून ‘सेफाडेक्स’ हे माध्यम जगापुढे आणले. त्यानंतर ॲगरोजचे मणी आले. ॲगरोज समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अगारातून काढतात. बाजारात ‘चायना ग्रास’ म्हणून मिळणारे, पुडिंगला घट्टपणा आणणारे द्रव्य ते हेच अगार. कोट्यवधी रुपयांच्या औषधांचे शुद्धीकरण शेवटी या शेवाळाच्या जेलीवर अवलंबून आहे, ही गोष्ट विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात यायला हरकत नव्हती.

आता मण्याच्या आकारमानाचा अंदाज घ्यावा. प्रतिपिंडाचा रेणू साधारण १० नॅनोमीटरचा. त्याला लिंबाएवढा कल्पिले, तर ९० मायक्रोमीटरचा मणी सुमारे साडेतीनशे मीटर व्यासाचा एक प्रचंड गोल होईल, आणि त्याच्या आतील वाटा अर्ध्या वितेपासून दोन वितांपर्यंत रुंद असतील. लिंबू त्या वाटांतून जाईल, पण सरळ नाही. भिंतींना धडकत, मागे येत, पुन्हा पुढे सरकत जाईल. मण्यांच्या बाहेरून द्रव जोराने वाहतो, परंतु मण्याच्या आत प्रवाह जवळजवळ नसतो. तेथे रेणूला पुढे नेणारी गोष्ट एकच, विसरण. बीकरमधील स्थिर पाण्यात पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाकल्यावर जांभळा रंग ज्या रीतीने पसरतो, तीच ही रीत. विसरणाचा एक कठोर नियम आहे: अंतर दुप्पट झाले की लागणारा वेळ चौपट होतो.

त्यात आणखी एक अडचण आहे. मण्याच्या आतील भिंती प्रथिनाला धरून ठेवण्यासाठीच घडवलेल्या असतात. आत शिरलेला पहिला रेणू दाराजवळच चिकटतो, दुसरा त्याच्या शेजारी. दाराजवळची जागा भरल्यावरच पुढच्यांना आत वाट मिळते. एक साधा हिशोब करून पाहता येतो. मण्यांच्या एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम प्रतिपिंड मावते आणि बाहेरच्या द्रवात मिलिलिटरला १ मिलिग्रॅम प्रतिपिंड आहे, असे धरावे. छिद्रांतील विसरणाचा वेग मोकळ्या पाण्यातल्या वेगाच्या दहावा हिस्सा धरला, तर ९० मायक्रोमीटरचा मणी केंद्रापर्यंत भरण्यास तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. कारखान्यातील स्तंभातून द्रवाला वरून खाली जाण्यास मात्र बहुधा चार-सहा मिनिटेच दिलेली असतात. तेवढ्यात मण्यांनी प्रथिन टिपले नाही, तर ते खालून निसटते. आणि जे निसटते ते औषधच असते.

दीर्घकाळपर्यंत अभियंत्यांना मण्याच्या आतले काहीच दिसत नव्हते. ते स्तंभाच्या खालच्या टोकाशी बसत आणि बाहेर पडणाऱ्या द्रवातून २८० नॅनोमीटरचे अतिनील किरण पाठवून प्रथिन केव्हा निसटू लागते ते मोजत. त्यावरून एक वक्ररेषा मिळे. त्या रेषेवर गणिती प्रारूपे बसवली जात. एका प्रारूपात प्रथिन छिद्रांतील पाण्यातून आत जाते आणि चिकटले की थांबते. तेव्हा साबुदाण्यासारखी स्पष्ट कडा आत सरकते. दुसऱ्या प्रारूपात चिकटलेले प्रथिनही भिंतीवरून घसरत पुढे जाते. तेव्हा कडा न दिसता सगळा मणी हळूहळू गडद होतो. या दोन्ही गोष्टी एकमेकींहून अगदी भिन्न आहेत. तरीही एकाच वक्ररेषेवर दोन्ही प्रारूपे पुष्कळदा सारखीच छान बसत. घरातून बाहेर पडणारी माणसे मोजून घराच्या आतील खोल्यांची रचना ठरवण्यासारखा हा प्रकार होता. रचना ठाऊक असल्याखेरीज चांगला मणी घडवता येत नव्हता, आणि वक्ररेषा ती सांगत नव्हती.

या कोंडीतून वाट काढणारे उपकरण आधीच अस्तित्वात होते, पण ते वेगळ्याच कामासाठी जन्मले होते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या इतिहासात ज्याचे नाव पुढे मोठे झाले, त्या मार्विन मिन्स्कीने १९५५ च्या सुमारास हार्वर्डमध्ये मेंदूतील चेतापेशींची जाळी पाहण्यासाठी समनाभी, म्हणजेच कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक बनवला. साध्या सूक्ष्मदर्शकात जाड वस्तू पाहिली, की वरच्या आणि खालच्या थरांचा प्रकाश एकत्र येऊन सगळे धूसर होते. मिन्स्कीने प्रकाश एका बिंदूवर एकवटला आणि परतणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत सुईच्या टोकाएवढे छिद्र ठेवले. ज्या प्रतलावर नाभी आहे तेथलाच प्रकाश त्या छिद्रातून पार होतो, बाकीचा अडतो. असा बिंदूमागून बिंदू टिपत गेले, की वस्तू न कापताच तिचा सुमारे एक मायक्रोमीटर जाडीचा काप पडद्यावर उभा राहतो. लेसर आणि संगणक यांची जोड मिळाल्यावर, १९८० च्या दशकात हे उपकरण प्रयोगशाळांत सर्रास येऊ लागले.

१९९६ साली आंदेश युंगलोफ आणि रोल्फ यॉर्थ यांनी वर्णलेखनाच्या मण्यांत अधिशोषित झालेली प्रथिने पाहण्यासाठी ते वापरले. प्रथिनाला एक प्रतिदीप्त रंग जोडायचा, मणी त्या द्रावणात ठेवायचे, ठरावीक वेळाने काही मणी काढून त्यांच्या मध्यातून काप घ्यायचा, अशी ती पद्धत. नंतर लहानशा प्रवाह-कक्षात मणी बसवून, त्यावरून द्रावण वाहत असतानाच क्रमाने चित्रे घेण्याची युक्ती निघाली. प्रथम काळे वर्तुळ. मग त्याला एक प्रकाशमान कडा. मग कडेची जाडी वाढत जाते आणि काळा गाभा आकसत जातो. साबुदाण्याचाच क्रम, पण उलट्या रंगांत. दशकानुदशके समीकरणांत वावरणारा ‘आकसता गाभा’ डोळ्यांना दिसू लागला. दोन वेगळी प्रथिने दोन वेगळ्या रंगांनी खुणावून, कोण आधी शिरते आणि कोण कोणाला हुसकावते, हेही पाहता येऊ लागले.

या चित्रांतून निघालेली एक गोष्ट सामान्य समजुतीला धक्का देणारी आहे. आयन-विनिमयाच्या मण्यांत प्रथिन विद्युतभाराच्या आकर्षणाने चिकटते. द्रावणात मीठ कमी असेल तर आकर्षण तीव्र, मीठ वाढवले की ते सौम्य होते. तीव्र आकर्षण असताना मणी झटपट भरावा, असे कोणालाही वाटेल. सूक्ष्मदर्शकात मात्र कमी मिठाच्या स्थितीत पुष्कळदा उलटे दिसते: कडा तीक्ष्ण असते आणि ती रेंगाळत आत सरकते. थोडे मीठ वाढवले, की एकूण मावणारे प्रथिन कमी होते, परंतु कडा विरघळल्यासारखी पसरते आणि प्रथिन केंद्रापर्यंत लवकर पोहोचते. दाराशीच घट्ट मिठी मारणारे यजमान असतील तर पाहुणे दिवाणखान्यात पोहोचत नाहीत, तसा हा प्रकार. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाच्या लेनहॉफ यांच्या गटाने २००३ साली याच तंत्राने दाखवून दिले, की प्रवेशाचा वेग केवळ साध्या विसरणाने सांगता येत नाही. त्यापलीकडच्या यंत्रणाही कामाला लागलेल्या असतात.

येथवरची कथा यशाची आहे. तिचा खरा कस लागला तो चित्रांत कडीसारखी वलये दिसू लागली तेव्हा. आत सरकणाऱ्या कडेवर काही वेळा प्रकाश एकाएकी वाढलेला दिसे. जणू तेथे प्रथिनाची रास पडली आहे आणि मागे ते विरळ झाले आहे. अधिशोषणाच्या साध्या सिद्धांतात असे वलय बसत नाही. त्याचे कारण काही अभ्यासकांनी मण्यातील विद्युतक्षेत्रात शोधले, आणि त्यासाठी विस्तृत गणितही मांडले गेले. परंतु आणखी एक शक्यता शिल्लक होती, आणि ती अधिक अस्वस्थ करणारी होती: दिसणारे प्रथिन आणि न दिसणारे प्रथिन एकसारखे वागत नसतील तर?

रंग जोडताना तो बहुधा प्रथिनाच्या लायसिन या घटकावर बसतो. लायसिनवर धनभार असतो. रंग बसला की तो नाहीसा होतो, आणि फ्लुओरेसिनसारखा रंग स्वतःचा ऋणभारही सोबत आणतो. रंगाचा रेणू प्रतिपिंडाच्या मानाने अगदी क्षुल्लक, वजनाने चारशे-पाचशे भागांतील एक भाग. पण ज्या मण्यात निवड भारावरूनच होते, तेथे एका भाराचा फरक पुरेसा ठरतो. प्रयोगात थोडे रंगवलेले प्रथिन पुष्कळ न रंगवलेल्यात मिसळतात, आणि रंगवलेले हे बाकीच्यांचे प्रतिनिधी आहेत असे गृहीत धरतात. जर न रंगवलेले प्रथिन अधिक घट्ट चिकटत असेल, तर ते मागून येऊन रंगवलेल्याला जागेवरून उठवते. उठवलेले रेणू पुढे ढकलले जातात आणि कडेवर गोळा होतात. तेच ते तेजस्वी वलय. जर्मनीतील युर्गेन हुब्बूख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ च्या आसपासच्या काही वर्षांत हे पद्धतशीर प्रयोगांनी उलगडले. रंग प्रथिनाच्या पृष्ठभागावर कोणत्या जागी बसला आहे, यावरूनही वर्तन बदलते, असेही त्यांना आढळले.

या प्रसंगात विज्ञानाची काही हानी झाली असे मानणे चूक ठरेल. उलट हे तंत्र प्रौढ झाले ते येथे. आता जबाबदार प्रयोगकर्ता आधी रंगवलेले आणि मूळ प्रथिन एकाच स्तंभातून सोडून दोन्ही एकाच वेळी बाहेर पडतात का, हे तपासतो. वेळ जुळत नसेल तर रंग बदलतो, त्याचे प्रमाण घटवतो, किंवा एकच रंग-रेणू बसलेले प्रथिन वेगळे काढून तेवढेच वापरतो.

आणखी एक फसवणूक प्रकाशाचीच आहे. लेसर मण्याच्या मध्यापर्यंत जाता जाता आणि प्रतिदीप्ती तेथून परतता परतता दोन्ही क्षीण होतात. परिणामी पूर्ण भरलेल्या मण्याचाही गाभा काळसर दिसू शकतो. ज्याला आकसता गाभा पाहण्याची आस आहे, त्याला तो नसतानाही दिसेल. त्यावर उपाय असा, की प्रथम पुरेसा वेळ देऊन पूर्ण भरलेला मणी पाहावा, त्यात कडेपासून केंद्रापर्यंत प्रकाश किती घटतो ते मोजावे आणि मग बाकी चित्रे त्या मापाने दुरुस्त करावीत. ही दुरुस्ती कंटाळवाणी असते, आणि चित्र सुंदर आल्यावर ती टाळण्याचा मोह मोठा असतो.

शाळेच्या प्रयोगशाळेत कांद्याचा पापुद्रा आयोडीनने रंगवून पाहिलेल्या प्रत्येकाला या मोहाची ओळख आहे. प्रयोगवहीत पाठ्यपुस्तकातील आकृती उतरवायची, की काचपट्टीवर दिसले तेवढेच काढायचे, हा प्रश्न तेथेच प्रथम उभा राहतो. हवेचा बुडबुडा पेशीत गणला गेला, की जाणते शिक्षक लाल शाईने नुसते प्रश्नचिन्ह करतात आणि विद्यार्थ्याला पुन्हा सूक्ष्मदर्शकाकडे पाठवतात.

मग रंगाशिवाय पाहता येणारच नाही का? येथे साबुदाणा पुन्हा उपयोगी पडतो. त्याचा पांढरा ठिपका कोणी रंगवलेला नसतो. शिजलेला आणि न शिजलेला भाग प्रकाशाला वेगवेगळे वाकवतात आणि विखुरतात, म्हणून तो दिसतो. प्रथिनाने भरलेल्या जेलीचा अपवर्तनांकही रिकाम्या जेलीपेक्षा अधिक असतो. व्हर्जिनिया विद्यापीठातील जॉर्जिओ कार्टा यांच्या गटाने साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाखाली, कोणताही रंग न जोडता, मण्याच्या आत सरकणारी प्रथिनाची कडा वर्तुळाच्या रूपात पाहिली आणि तिचा वेग मोजला. या रीतीला मर्यादा आहे. कडा तीक्ष्ण असेल तरच ती दिसते. प्रथिन हळुवार पसरत असेल तर दाखवण्याजोगी रेषाच उरत नाही. पण जेथे दोन्ही पद्धती लागू पडतात तेथे एकीची साक्ष दुसरीने तपासता येते, आणि विश्वास बसतो तो अशा तपासणीनंतर.

या पाहण्यातून मण्यांच्या घडणीविषयीचे निर्णय निघतात. व्यास निम्मा केला की मणी भरण्याचा वेळ चौथ्या हिश्श्यावर येतो, हे आकर्षक वाटते. परंतु त्याच वेगाने द्रव ढकलण्यासाठी लागणारा दाबही चौपट होतो, आणि ॲगरोजचे मऊ मणी दाबाखाली चेपून वाट बुजवतात. काही मण्यांच्या भिंतींवर डेक्स्ट्रानच्या लवचीक साखळ्या कलम केलेल्या असतात. अशा मण्यांत चिकटलेले प्रथिनही साखळ्यांतून सरकत राहते, कडा पसरते आणि भरण्याचा वेग कितीतरी वाढतो. मात्र हाच गुण सर्व प्रथिनांना सारखा लाभत नाही. मोठा रेणू साखळ्यांच्या दाटीत अडखळू शकतो. कोणत्या प्रथिनासाठी कोणता मणी, याचे उत्तर म्हणूनच दरवेळी नव्याने शोधावे लागते.

वापरून जुन्या झालेल्या मण्यांची तपासणी हा या तंत्राचा आणखी एक उपयोग. महाग मणी एकदा वापरून टाकून देत नाहीत. दाहक सोड्याच्या द्रावणाने धुऊन ते पुनःपुन्हा कामाला लावतात. प्रत्येक खेपेला थोडी घाण मागे राहते. स्तंभाची क्षमता घटली एवढे अतिनील किरणांच्या आलेखावरून कळते, पण घाण मण्याच्या पृष्ठभागावर साचून दारे बुजवत आहे, की आत खोलवर जागा अडवून बसली आहे, हे कळत नाही. पहिल्या स्थितीत प्रवेश मंदावतो, दुसऱ्या स्थितीत जागाच संपते; आणि दोहोंवरचे धुणे वेगळे. तेव्हा स्तंभातून चिमूटभर मणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. ९० मायक्रोमीटरचे मणी असतील तर एका मिलिलिटरमध्ये ते सुमारे सतरा लाख मावतात. त्यांपैकी पाच-पंचवीस मण्यांचे काप घेतले जातात, आणि तो स्तंभ पुढच्या खेपेला वापरायचा की रिकामा करायचा, हे ठरवताना स्तंभाच्या नोंदींशेजारी त्या कापांची चित्रे ठेवली जातात.